व्यायच्या आधीचा दीड महिना

मला बोलावणं यायचं ते कोकरू मरायला टेकल्यावर. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली. थंडीच्या तोंडाला येणाऱ्या निरोपांचा मजकूर ठरलेला असे. कोकरू उभं राहत नाही. मेंढी पान्हवत नाही. शेळीनं करडाला लाथाडलं. मी मोटारसायकलला पेटी अडकवून निघायचो. ग्लुकोज, जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, शेकायला गरम पाण्याची बाटली, हाताशी असेल ते करायचो. काही वाचायची, बरीच मरायची. मालक म्हणायचा, "नशिबात नव्हतं," आणि मी पेटी बंद करायचो. त्या कोकराचं जे व्हायचं ते महिना-दीड महिन्यापूर्वीच ठरून गेलेलं असे, आणि तेव्हा मला कोणी बोलावलेलं नसे.

कोकण हा मेंढीचा मुलूख नाही, हे आधी सांगायला हवं. कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आपली दख्खनी मेंढी कोरड्या माळाची. चार महिने चिखलात उभी राहिली तर खुरं सडतात, छाती भरते. इथे मेंढ्या येतात त्या पाहुण्या. दसरा-दिवाळीच्या सुमाराला भात कापून खळ्यावर गेलं की घाटावरून धनगरांचे वाडे, म्हणजे बिऱ्हाडासह फिरणारे कळप, उतरायला लागतात. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीचे धनगर तर पिढ्यान्‌पिढ्या कोकणात येतात. फलटणकडचे, पुणे जिल्ह्यातलेही असतात. कोणी माळशेजनं येतं, कोणी बोरघाटानं. बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटातली वाट इंग्रजांना एका धनगरानं दाखवली आणि त्यांनीच त्याला मारलं, अशी गोष्ट सांगतात. त्या देवळापुढे हात जोडून वाडे खोपोलीला उतरतात आणि पाताळगंगेच्या दोन्ही अंगांच्या रिकाम्या खाचरांत बसतात. घोड्यावर बिऱ्हाड, टोपलीखाली कोंबड्या, जाळीत नुकती जन्मलेली कोकरं. शेतकरीही त्यांची वाट बघत असतो. शे-दोनशे मेंढ्या रात्रभर वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, बसल्या की लेंडी-मुताचं खत वाहतुकीशिवाय जागेवर पडतं. पूर्वी त्याच्या बदल्यात भात मापून द्यायचे, आता रोख ठरते.

या पाहुण्यांखेरीज ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्यांवर घरटी तीन-चार शेळ्या. माझं निम्मं काम मेंढ्यांत आणि निम्मं शेळ्यांत झालं. पोटातल्या पिल्लाच्या बाबतीत दोघींचं गणित एकच असल्यामुळे इथे दोघींविषयी एकत्रच लिहितो.

मेंढी साधारण १४७ दिवसांनी विते, शेळी १५० च्या आसपास. पहिले तीन महिने पोटातलं पिल्लू अगदी लहान असतं. तेव्हा वाढते ती वार. पण पिल्लाच्या जन्मवजनातला जवळजवळ सत्तर टक्के वाटा शेवटच्या सहा आठवड्यांत चढतो. अडचण अशी की नेमकी तेव्हाच मेंढीच्या पोटात जागा उरत नाही. गर्भाशय पसरतं आणि चाऱ्याचं पोट दाबलं जातं. भूक असली तरी पेंढ्यासारखा फोपसा चारा पुरेसा मावत नाही. त्या दिवसांत तिला थोडं पण कसदार लागतं. ते मिळालं नाही तर मेंढी आपल्या अंगावरचं पिल्लाला देते, ते संपलं की पिल्लाला तोडायला लागते, आणि सगळ्यात आधी तोडते ते दूध. कास भरायची असते तीही याच दिवसांत.

आता हे धनगराच्या वर्षावर ठेवून बघा. पावसाळ्याच्या सुरुवातीला घाटावर हिरवं उगवलं की मेंढ्या माजावर येतात. जून-जुलैत फळलेली मेंढी नोव्हेंबर-डिसेंबरात विते. म्हणजे शेवटचे सहा आठवडे पडतात ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात: रोज मैलोगणती चालायचं, घाट उतरायचा, अनोळखी रानात तोंड घालायचं, त्या दिवसांत. जगण्याचं चक्र असं बसलेलं आहे, त्यात कोणाचा हलगर्जीपणा शोधू नये. मी सुरुवातीला शोधायचो. वाड्यावर जाऊन खुराकावर भाषण द्यायचो. समोरचा म्हातारा तंबाखू मळत ऐकून घ्यायचा आणि शेवटी विचारायचा, "साहेब, दोनशे मेंढ्यांना रोज पावशेर घातलं तर किती पोती होतात, सांगा." हिशोब केला की माझंच तोंड बंद.

या प्रश्नाचं उत्तर मला कार्यालयात मिळालं नाही. खालापूरजवळ पाताळगंगेच्या काठी बसलेल्या एका वाड्यात मिळालं. घाट उतरून आठवडाही झाला नव्हता आणि मेंढ्या भराभर वीत होत्या. मी ताणकाट्याला फडक्याची झोळी बांधून कोकरं तोलत होतो. दख्खनीचं कोकरू अडीच ते तीन किलोचं असावं. इथे काटा पावणेदोनवर अडत होता. एक कोकरू हातात घेतलं तर तोंडात बोट घातल्यावर चोखेना, आणि बोटाला त्याचं तोंड गार लागलं. तोंड गार पडलं की पुढचं मला ठाऊक होतं. वाड्यातली कारभारीण बाजूला उभी होती. ती म्हणाली, "डाक्तर, कोकराला काय बघता, आईच्या पाठीवर हात ठेवा."

तिनं माझा हात धरून दाखवलं. शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेवर, अंगठा कण्यावर आणि बोटं कण्याच्या बाजूला निघालेल्या आडव्या हाडांच्या टोकांवर. दाबायचं. लोकरीमुळे डोळ्याला मेंढी गुबगुबीत दिसते, बोटाला खरं कळतं. टोकं टोचली आणि बोटं त्यांच्याखाली सहज शिरली, तर मेंढी मोडलेली. टोकं लागतात पण गोल लागतात, वर मांसाचा थर आहे, तर ठीक. टोकं सापडतच नाहीत, तर मेंढी चरबीवर गेलेली. पुढे एका प्रशिक्षणात हीच तपासणी मला एक ते पाच अशा गुणांत शिकवली. व्यायच्या वेळी तीनच्या आसपास असावी, असं फळ्यावर लिहिलं होतं. त्या बाईला गुण ठाऊक नव्हते. संध्याकाळी मेंढ्या वाघरीत शिरताना ती तोंडाशी बसायची, प्रत्येकीच्या कमरेवरून हात फिरवायची आणि मोडलेल्या तेवढ्या बाजूला काढायची. सगळ्या कळपातून पंधरा-वीस निघायच्या. त्यांना रात्री घमेल्यात बाजरीचा भरडा, गुळाचं पाणी, उरल्यासुरल्या भाकरी कुस्करून. "सगळ्यांना पुरत नाही, म्हणून जिला लागतं तिलाच," एवढंच तिचं म्हणणं.

म्हाताऱ्याच्या पोत्यांच्या प्रश्नाला हे उत्तर होतं. त्यानंतर मी भाषण सोडलं आणि पाठीवर हात ठेवायला शिकवू लागलो. बहुतेक कळपाला पोट भरेल एवढं रान मिळत असतं. खुराकाची गरज असते ती म्हाताऱ्या मेंढीला, पहिलटकरणीला आणि जिच्या पोटात जुळं आहे तिला. या तिघी ओळखल्या की पोती आवाक्यात येतात.

काय घालायचं याबद्दलही मला पुस्तकापेक्षा कर्जत-नेरळच्या भातगिरण्यांनी जास्त शिकवलं. इकडे भात हेच पीक. कर्जतला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे आणि कर्जतच्या नावानं भाताचे वाण राज्यभर जातात. त्यामुळे पेंढा भरपूर. पण पेंढ्यात प्रथिनं तीन-चार टक्के. गाभण शेळीपुढे पेंढ्याची गंजी ठेवली तरी ती उपाशीच. कसाची वस्तू म्हणजे कोंडा. त्यातही जुन्या हलरच्या गिरणीत भात एकदम भरडलं जातं आणि कोंड्यात तूस मिसळतं. त्या कोंड्यात जनावराला चावायला फार आणि पचायला थोडं. नव्या गिरणीत तूस आधी वेगळं होतं आणि मागून पॉलिशचा बारीक कोंडा निघतो, तो खरा. मूठ दाबून बघावी: चांगला कोंडा तेलकटपणामुळे गोळा धरतो, तुसाचा सुटून पडतो. या तेलामुळेच तो लवकर खवटही होतो. पावसाळ्यात महिनाभर ठेवलेला कोंडा शेळी हुंगून सोडते आणि मालक म्हणतो, हिला खुराक आवडत नाही.

माझं ठरलेलं मिश्रण असं होतं: मक्याचा भरडा निम्मा, बारीक कोंडा पाव, शेंगदाण्याची पेंड पाव, थोडं मीठ. व्यायच्या आधी सहा आठवडे रोज दोनशे ते अडीचशे ग्रॅम. जुळ्याची शंका असेल तर त्याहून मूठभर जास्त. एकदम सुरू करायचं नाही, आठवडाभरात चढवत न्यायचं. पेंडीला बुरशी दिसली तर ती उकिरड्यावर टाकायची, जनावराला नाही. ज्यांना पेंड परवडत नव्हती त्यांना मी पाला सांगे. शेवरी, उंबर, गिरिपुष्प, सुबाभूळ. गिरिपुष्पाला वास असतो म्हणून शेळी आधी तोंड लावत नाही. रात्रभर सुकवून दिला की खाते. सुबाभळीचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊ देऊ नये, केस गळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाल निघतो तेव्हा त्याचं भूस आणि टरफलं कर्जत-खालापुरात घरोघर असतात. लोक ती बांधावर जाळून टाकत. कडधान्याचं भूस पेंढ्यापेक्षा किती तरी सरस, पण हे पटवायला मला पेंडीपेक्षा जास्त वेळ लागला. फुकट मिळतं त्याला किंमत नसते.

एक सूचना इथेच देऊन टाकतो. गाईम्हशींसाठीचं खनिज मिश्रण मेंढीला घालू नये. त्यात तांबं असतं आणि मेंढीच्या यकृतात ते साठत जातं. एके दिवशी कावीळ होते, लघवी काळसर होते, मेंढी जाते. शेळीला ते बरंच सोसतं, मेंढीला नाही. मेंढीचं मिश्रण वेगळं मिळतं, तेच मागून घ्यावं.

खाण्याचा परिणाम किती, याचा पुरावा मला एकाच तालुक्यात समोरासमोर दिसत असे. भिवपुरीच्या टाटांच्या वीजकेंद्रातून सुटलेल्या पाण्यावर राजनाल्याच्या पट्ट्यात उन्हाळी भात होतं. एप्रिल-मेमध्ये तिथले बांध हिरवे. तिथून खांडसकडे, भीमाशंकरच्या पायथ्याच्या वाड्यांवर गेलं की त्याच दिवसांत सगळं रान करपलेलं, शेळ्या पडलेल्या शेंगा आणि वाळका पाला वेचत हिंडताना दिसायच्या. शेळ्या त्याच जातीच्या, बोकडही पुष्कळदा एकाच बाजारातून आणलेला. मेअखेरीला व्यालेल्या शेळ्यांची करडं उचलली तर राजनाल्याकडचं करडू हाताला जड लागे आणि जन्मल्यावर अर्ध्या तासात उभं राहून सड शोधे. खांडसकडचं अंग चाटून कोरडं झालं तरी बसूनच. आणि मग वर पाऊस. जूनच्या पहिल्या सरीत गारठलेलं, पावणेदोन किलोचं करडू जुलै बघत नसे.

पायथ्याच्या वाड्यांवर खुराक वाढवणं मला जमलं नाही. पैसेच नव्हते. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जात ती मेअखेरीला परतत. शेळ्या म्हाताऱ्यांकडे नाहीतर शेजाऱ्याकडे अर्धेलीनं, म्हणजे निम्म्या वाट्यावर. ज्याची शेळी नाही त्यानं तिच्या पोटातल्या करडासाठी पेंड विकत आणावी, असं सांगणारा मी कोण? तेव्हा एका ठाकरवाडीत आम्ही वेगळं करून पाहिलं. खाणं बदलत नसेल तर वेळ बदलावी. वाडीतले तीन बोकड डिसेंबरपासून मोकळे सोडायचे नाहीत, म्हणजे मे-जूनची वीण टळेल. मेच्या मध्यापासून सोडायचे, म्हणजे शेळ्या ऑक्टोबरच्या मध्यानंतर वितील. शेवटचे सहा आठवडे सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस ओसरलेला, गवत गुडघ्याएवढं, झुडपांना नवा पाला. पिल्लू जमिनीवर येईल ते कोरड्या हवेत. एका पैशाचा खुराक न घालता.

बोकड बांधून ठेवणं म्हणजे त्याला घरी चारा आणून घालणं, आणि ते कोणी करेना. मग पोटाखाली गोणपाटाचा पडदा बांधायची युक्ती काढली. पोरं हसायची, बोकडाला लंगोट म्हणायची. पडदा निसटायचा, शेजारच्या वाडीचा बोकड यायचा, चार शेळ्या भलत्याच वेळी फळायच्या. तरी दुसऱ्या वर्षी फरक दिसला. पावसात मरणारी करडं कमी झाली, ती मुळात पावसात जन्मली नाहीत म्हणून. वाडीतला एक जाणता माणूस मात्र पडद्याला राजी झाला नाही. त्याचं कारण पक्कं होतं. "बकरी ईदला भाव येतो, भाऊ, आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. बोकड वर्षाचा झालेला लागतो. तुमच्या वेळेला जन्मला तर माझ्या ईदला तो वर्षाचा भरणार आहे का?" त्यानं बोटांवर मोजून दाखवलं आणि त्या वर्षापुरतं त्याचंच बरोबर होतं. पुढे ईद सरकत सरकत आमच्या वेळेशी जुळली तेव्हा त्यानं आपणहून पडदा मागून नेला.

खाणं कमी पडण्याच्या गोष्टी इतक्या झाल्या की जास्तीची एक सांगायलाच हवी. कर्जत तालुका आता फार्महाऊसवाल्यांचा. मुंबईतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी हौसेनं मेंढ्या पाळल्या. तीन बाजूंनी बंद सुंदर गोठा, पंखे, गव्हाणीत मका आणि कांडीखाद्य दिवसरात्र. निरोप आला की एक मेंढी खात नाही. गेलो तर ती कोपऱ्यात भिंतीला डोकं लावून उभी होती, दात खात होती. डोळ्यांपुढे हात हलवला तरी पापणी हलली नाही. तोंडाजवळ नाक नेल्यावर नेलपॉलिश पुसण्याच्या द्रावणासारखा गोडसर वास आला. पोटात जुळं होतं, वर पोटभर चरबी. चरबीनं जागा खाल्ली, खाणं घटलं, शरीर अंगावरची चरबी भराभर वितळवू लागलं आणि त्याचंच विष झालं. शिरेतून ग्लुकोज दिलं, पाजायला गुळाचं पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी ती बसली आणि मग उठली नाही. साहेब पुन्हा पुन्हा म्हणत होते, "डॉक्टर, मी खायला कधीच कमी केलं नाही हो." उपाशी मेंढीला हाच आजार दुसऱ्या वाटेनं होतो. म्हणून गर्भ राहण्याच्या सुमाराला बरं खाणं, मधले दोन-तीन महिने बेताचं, शेवटी चढतं. सतत सारखं खाणं कोणाच्याच कामाचं नाही. त्यांच्याच दुसऱ्या मेंढीला एकच पिल्लू होतं, ते एवढं मोठं झालेलं की अडलं. ओढून काढलं. आई वाचली.

जुळ्यांचा विषय निघाला म्हणून फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचं काम सांगतो. बंगालच्या सुंदरबनातली गारोळ नावाची बुटकी मेंढी एका वेताला दोन-दोन, तीन-तीन कोकरं देते. तिच्यातलं ते जनुक संस्थेनं संकर करत आपल्या दख्खनी मेंढीत आणलं आणि नारी सुवर्णा ही मेंढी तयार केली. आपली दख्खनी बहुतेक एकालाच जन्म देते, त्यामुळे धनगराच्या दृष्टीनं ही मोठीच गोष्ट. पण जुळं म्हणजे शेवटच्या सहा आठवड्यांत दुप्पट मागणी. ज्या वाड्यात एकाच कोकराला पोसायची मारामार, तिथे जुळं देणारा नर नेला तर दोन्ही पावणेदोन किलोची. मला विचारणाऱ्यांना मी सांगे, आधी घमेल्याची सोय करा, मग नर आणा. राज्य सरकारच्या महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक नर ७५ टक्के अनुदानावर मिळतात. अर्ज करणारे आधी नराची जात विचारतात. खाण्याचं विचारणारा क्वचित.

चीक पाजण्याबद्दल मी नोकरीभर घसा कोरडा केला. पिल्लाला रोगाशी लढायची ताकद पोटात असताना मिळत नाही, ती चिकातून मिळते, आणि पहिल्या काही तासांतच आतड्यातून रक्तात शिरते. आमच्याकडे वार पडल्याशिवाय पाजायचं नाही, असं बऱ्याच घरी होतं. चार-सहा तास करडू कोरडं. हे मोडायला सासवांना पटवावं लागलं, सुना आधीच पटलेल्या असत. पण हेही खरं की उपाशी शेळीच्या सडातून चीक निघतो तो थेंबभर आणि चिकट. पाजा पाजा म्हणून ओरडण्याला तेव्हा अर्थ राहत नाही.

एवढं लिहूनही सगळं खाण्यावर ढकलणार नाही. एका वाड्यात मेंढ्यांनी लागोपाठ गाभ टाकले, तेव्हा लोक म्हणाले, घाटात चालून झालं. रक्ताचे नमुने पाठवले, ब्रुसेल्लाचा संसर्ग निघाला. माणसालाही तो होतो. गाभ टाकलेल्या मेंढीची वार उघड्या हातानं उचलू नये, पुरून टाकावी. मेंढ्या भरल्या अंगाच्या असूनही गाभ टाकत असतील तर घमेलं भरत बसू नये, तपासणी करून घ्यावी. आणि आंत्रविषाराची लस व्यायच्या महिनाभर आधी टोचली तर चिकातून कोकरालाही तिचा फायदा होतो, हे बहुतेक धनगरांना आता माहीत आहे.

कमी वजनाचं जन्मलेलं आणि तरीही जगलेलं कोकरू पुढे काय करतं, हे बघायला बरीच वर्षं लागली. वाडे ठरल्या गावात ठरल्या वेळी येत, त्यामुळे त्याच मेंढ्या मला पुन्हा भेटत. बारकी जन्मलेली मेंढी खाऊनपिऊन अंगानं भरली तरी तिचं पहिलं वेत उशिरा, दूध कमी, पिल्लू पुन्हा बारकं. आजीची उपासमार नातीच्या काट्यावर दिसायची. माणसांतही हे आढळलेलं आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा पोटात असलेल्या मुलांच्या तब्येतींवर पुढे कितीतरी वर्षांनी परिणाम सापडले. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. ज्यांच्या खाण्यात दूध, पालेभाज्या, फळं जास्त, त्यांची बाळं जन्मतः मोठी भरली, असं त्यात दिसलं. मी हे वाचलं ते निवृत्तीच्या जवळ आलो तेव्हा. मेंढीचं मला आधी कळलं, माणसाचं नंतर. ज्या वाड्यांत मी मेंढ्यांच्या पाठी दाबत फिरलो, तिथल्या गाभण मेंढ्यांची यादी माझ्या वहीत असे. घोड्यामागे चालणाऱ्या पोटुशा बायका त्याच वाड्यात होत्या आणि शेवटी जेवत होत्या. ते माझं खातं नव्हतं, एवढं म्हणून भागत नाही.

आता वाडे कमी येतात. जिथे खाचरं होती तिथे प्लॉटिंगचे दगड आणि तारेची कुंपणं. द्रुतगती मार्गानं बोरघाटाखालचं रान कापलं; त्यावर कळप चढू शकत नाही, जुन्या रस्त्यानं गाड्यांच्या रांगेत मेंढ्या हाकाव्या लागतात. पाला तोडला की वनरक्षकाशी भांडण. हाताशी राहिलेली शेतं लांब लांब, म्हणजे शेवटच्या दीड महिन्यात चालणं आणखी वाढलं. शेतकरी तक्रार करतो की युरिया टाकून जमीन मेली, आणि त्याच गावात वाड्याला बसायला जागा मिळत नाही.

म्हणून कर्जत-खालापुरात ज्यांची खाचरं अजून मोकळी आहेत त्यांना सांगणं आहे. दिवाळीनंतर वाडा बसवून घ्या आणि खताचे पैसे ठरवताना त्यातला काही भाग कोंड्याच्या पोत्यात द्या. पोतं नव्या गिरणीचं, ताजं असावं, तुसाचं नसावं. आणि ते वाड्यातल्या बाईच्या हातात द्या. कुठल्या मेंढीला किती घालायचं ते तिला बरोबर माहीत असतं.